बिनविरोध

आमच्या वसतिगृहाच्या फाटकावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द एवढा मोठा रंगवलाय की 'मुलींचे वसतिगृह' ही अक्षरं त्याच्याखाली चेंगरून बसली आहेत. पेंटर कळंबचा, म्हणजे माझ्याच गावचा. जागा पुरेना तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, तर मलाच म्हणाला, "लोकं वरचंच वाचत्यात, बाई. खालचं कोन बघतंय?"

धाराशिवच्या बाहेर, बेंबळीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक खासगी फार्मसी कॉलेज आहे, त्याचं हे वसतिगृह. मी तिथली रेक्टर. शाळेतली नोकरी संपल्यावर घरी बसून भावजयीच्या आमटीला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी आले आणि फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत राहिले. माहितीपत्रकात हिरवळ आहे, कारंजं आहे, हसणाऱ्या मुली आहेत. खरं म्हणाल तर मुरूम आहे, बाभळी आहेत, आणि मुली हसतात त्या पाणी आल्यावर. निम्म्याहून जास्त नेपाळच्या. बाकीच्या सुदानच्या, एक कांगोची, अधूनमधून एखादी यमनची. एवढे देश आणि सगळ्यांना एकच मेस. पहिलं वर्षभर मी रोज स्वतःला विचारायचे, तुला कुणी सांगितलं होतं हे?

त्यात ती आली. सुदानची, उंच, हळू बोलणारी. ती मला मावशी म्हणायची, मी तिला पोरी म्हणायचे, तेवढ्यावर आमचं भागत होतं. पहिल्याच दिवशी ताटात भाकरी बघून ती थबकली. एक तुकडा मोडला, वास घेतला आणि रडायलाच लागली. मेसच्या बाया घाबरल्या, कालवणात तिखट जास्त पडलं की काय म्हणून. तिखटाचं काही नव्हतं, ज्वारीचं होतं. तिच्या घरी तिची आई ज्वारीचं पीठ आंबवून रोज पातळ पोळी करायची. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर पानात ज्वारी येईल, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मराठी ती मेसच्या बायांकडून शिकली, त्यामुळं 'व्हय' आणि 'लई' तिच्या तोंडी आधी आले आणि व्याकरण मागं राहिलं. अर्ज, हरकत, तारीख हे आमच्या कचेऱ्यांतले शब्द मात्र तिला न शिकवता कळायचे, कारण ते मुळात तिच्याच अरबी भाषेतून आलेले. "मावशी, तुमच्या हापिसात समदे शब्द माझे हायत, पन माझंच काम व्हत न्हाय," असं म्हणून ती हसायची. तिचं हे हसणं मला फार आवडायचं. अजून आठवतं.

लीडर तिला कुणी केलं नव्हतं, ती आपोआप झाली होती. नेपाळच्या मुलींना भात हवा, सुदानच्यांना भाकरी, कांगोच्या मुलीला यातलं काहीच नको. हिनं आठवड्याचे वार वाटून दिले आणि मेसच्या बायांना ते पटवलंही. मला ते कधी जमलं नव्हतं. पाण्याची ओढ असली की गच्चीवर जाऊन टाकीवर टकटक करून यायची आणि आज केस कुणी धुवायचे ते ठरवायची. जिचा नंबर नाही ती कुरकुरायची, पण ऐकायची, कारण हिचा स्वतःचा नंबर कायम शेवटी असायचा. एका नेपाळी मुलीला ताप चढला तेव्हा माझ्या स्कूटीवर तिला मधे धरून हीच सिव्हिल हॉस्पिटलला आली आणि रांगेत घुसणाऱ्या एका बाईशी भांडली. भांडण अस्सल आपल्याकडचं. मी नुसती बघत उभी राहिले.

तिच्या घराबद्दल विचारायची मात्र सोय नव्हती. तिच्या शहरात लढाई सुरू झाली होती. आई आणि भाऊ सीमा ओलांडून कुठल्याशा छावणीत गेले होते. फोन लागला तर लागायचा. अशा चौघी होत्या आमच्याकडं, तिघी सुदानच्या आणि चौथी ती कांगोची. सुट्टी लागली की नेपाळच्या मुली गोरखपूरच्या गाडीची तिकिटं काढायच्या. या चौघींना सुट्टीचं नाव काढलं तरी धडकी भरायची, कारण उन्हाळ्यात बोअर आटतात आणि माझ्या खोल्यांसकट सगळ्या वसतिगृहाला कुलूप लागतं. आदल्या उन्हाळ्यात त्या कुणाकुणाच्या ओळखीनं चार दिशांना पांगल्या होत्या. गावात खोली मिळत नाही. परदेशी माणूस ठेवला की घरमालकाला पोलिसांत कळवावं लागतं, ती कटकट कुणाला नको असते. आणि तोंडाचा रंग बघून दार लावणारेही असतात. मी स्वतः तिच्याबरोबर फिरले आहे. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकतेय आणि त्या पाटीखाली उभी राहून बाई मला सांगते, खोली गेली.

म्हणून तिनं लीडरचा अर्ज भरला. मुलींनी आपला प्रतिनिधी निवडावा, अशी त्या वर्षी वरून सूचना आली होती. हा प्रतिनिधी वसतिगृहाच्या समितीत बसणार होता, आणि सुट्टीचं सगळं त्या समितीत ठरतं. तिला बाकी काही नको होतं. वरचे मजले बंद करा, आम्ही चौघी खालच्या एका खोलीत राहतो, रांधून खातो, एका टाकीत भागवतो, एवढंच तिला त्या टेबलाशी बसून सांगायचं होतं. दुसरा अर्ज एका नेपाळी मुलीचा होता. गोड पोरगी, दुसऱ्या वर्षाची, मैत्रिणींनी गळ घातली म्हणून उभी राहिलेली. मतदान झालं असतं तर नेपाळच्याही निम्म्या मुलींनी हिलाच मत दिलं असतं, हे माझ्याइतकंच त्या पोरीलाही माहीत होतं.

पण दोन अर्ज आले म्हटल्यावर आबांना घाम फुटला.

आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना आबाच म्हणतात, मीही म्हणते. वाशी तालुक्यातल्या त्यांच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक त्यांनी कित्येक वर्षं होऊच दिलेली नाही. दोन्हीकडच्यांना बोलवायचं, एकाला गोंजारायचं, त्याला काहीतरी कबूल करायचं, अर्ज मागं घ्यायला लावायचा आणि गुलाल उधळायचा. बिनविरोध! आमच्याकडं या शब्दाचा केवढा मान. लढत झाली की गावात दोन तट पडतात आणि पुढची पाच वर्षं माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हेही काही खोटं नाही. आयुष्यात आपण केलेलं सगळ्यांत चांगलं काम हेच, असं आबा मनापासून मानतात. तेच काम त्यांनी वसतिगृहात करायला घेतलं.

मी म्हटलं, "आबा, पोरींना मतं टाकू द्या की. चिठ्ठ्या टाकतील, मोजतील, संपलं."

"बाई, एका छपराखाली इतक्या देशांच्या पोरी," आबा म्हणाले. "विलेक्शन लावलं तर भांडनं न्हाय का व्हायची? तुमी पडला शाळंतल्या. ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

बैठक दुपारी मेसमध्ये झाली. चहा होता, भजी होती. आबा मधल्या खुर्चीत, बाजूला संस्थेचे दोन सदस्य, समोर बाकड्यावर त्या दोघी, आणि भिंतीला टेकून मी. आबांनी आधी दोघींची भरपूर स्तुती केली. मग ते हिच्याकडं वळले.

"पोरी, तू मोठी. ही बारकी हाय. मोठ्यानं मागं सरायचं आस्तं."

ती म्हणाली, "आबा, म्या लीडर न्हाय झाले तर उन्हाळ्याचं कोन बोलनार?"

उन्हाळ्याचं काय, असं आबांनी विचारलं, आणि तिनं उभं राहून सगळं सांगितलं. खोली, टाकी, चौघी. आबांनी डोळे मिटून ऐकलं. मग छातीवर हात ठेवला. "माझा शब्द हाय. ह्या उन्हाळ्यात हॉस्टेल बंद व्हनार न्हाय. आता तर झालं?"

"मग तसं लिहून घेऊ या," मी भिंतीजवळून म्हटलं.

आबा हसले. "बाई, घरात कुनी लिहून घेतं का?" ते दोन सदस्यही हसले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून, सगळ्यांसमोर उघड हलवली. तिनं ते पाहिलं. पण आबांचं वय, त्यांचा छातीवरचा हात, शेजारी अंग चोरून बसलेली ती बारकी मुलगी! तिच्या देशातही खेड्यापाड्यांत म्हातारी माणसं अशीच बसून भांडणं मिटवतात, असं ती मला नंतर म्हणाली. तिथं असा दिलेला शब्द कुणी मोडला तर त्याच्या दारात कुणी चहाला जात नाही. तिनं अर्ज मागं घेतला.

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला जे न सांगता कळतं ते तिला कसं कळावं? अर्ज मागं घेण्यासाठी दिलेला शब्द अर्ज मागं घेईपर्यंतच असतो. देणाऱ्याला ते ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. घेणारा त्याच बैठकीत दुसरं काहीतरी पदरात पाडून घेतो आणि मगच उठतो. ही नुसताच शब्द घेऊन उठली.

मग दोघींना शाल आणि नारळ. हिला आधी, कारण मागं घेणाऱ्याचा मान मोठा. हलगीवाला आला. गुलाल उधळला, तेव्हा नेपाळच्या मुली खुशीत नाचल्या, कांगोची मुलगीही नाचली. गुलालानं भरलेल्या तोंडानं माझी सुदानची पोरगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, उन्हाळ्याचं काम झालं." मी म्हटलं, तोंड धू जा, आज तुझा नंबर पहिला.

समितीची बैठक फेब्रुवारीत झाली. विषय आला, उन्हाळी सुट्टीत वसतिगृह बंद ठेवणे. मी लगेच म्हटलं, "आबा, या वर्षी बंद करायचं नाही असा तुम्ही शब्द दिलाय." आबा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले, खरंच आठवत नसल्यासारखे. मग त्या नेपाळी मुलीकडं वळून म्हणाले, "लीडरबाई, तुमची काय हरकत?" ती गोंधळून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही आबा, काही नाही." "बघा," आबा मला म्हणाले, "पोरींचीच हरकत न्हाय. तुमचीच कशापायी?" पुढचा विषय आला, मेसमधली मोटार.

बाहेर आल्यावर मी त्या मुलीला अशी झापली की तिला तिथंच रडू फुटलं. पण तिची चूक ती काय? दिदीच्या उन्हाळ्याचं आबांनी तेव्हाच कबूल केलंय, मग आपण पुन्हा काढणं बरं दिसेल का, असं तिला वाटलं. शब्द दिला गेला होता म्हणूनच ती गप्प बसली. तो दिला नसता तर कदाचित बोललीही असती. हे मला आजही सहन होत नाही. एखाद्याचं काम करायचं नसेल तर नाही म्हणावं. हो म्हणून त्याच्यासाठी बोलणाऱ्यांची तोंडं बंद कशाला करावीत?

सुट्टीत वसतिगृह बंद राहणार अशी नोटीस लागली त्या दिवशी माझी सुदानची पोरगी आबांच्या गावी जायला निघाली. मी बरोबर गेले, कारण एकटीला पाठवणं माझ्या जिवावर आलं. आबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, सुनेला चहा सांगितला, तिला आईची खुशाली विचारली. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

ती म्हणाली, "आबा, तुमी शब्द दिला व्हता."

"दिला आसंल पोरी," आबा म्हणाले. "समजूत काढताना बोलावं लागतं. पन तवा पान्याचं चित्र येगळं व्हतं. आता चार पोरींसाठी टँकर लावायचा म्हनल्यावर कसं जमंल?" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "आसं कर, तू आमच्या घरी ऱ्हा. लेकीसारखी ऱ्हा. महिना-दीड महिना कसा जाईल कळनार बी न्हाय."

"आमी चौघी हाव," ती म्हणाली.

"चौघी?" आबांनी आत बघितलं. आत सुना होत्या, नातवंडं होती. "चौघी कशा मावतील?"

तिनं चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि त्यांच्या पाया पडली. परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, कळंबला माझ्या भावाकडं चल, पोलिसांचं काय ते मी बघते. माझ्या डोक्यातही एकच जण होती, हे मला बोलताना कळलंही नाही. तिनं माझा हात हातात घेतला. "मावशी, एकीला तर समदेच ठेवतील. बाकीच्या तिघींचं म्या काय करू?"

एप्रिलमध्ये नेपाळच्या मुली गेल्या आणि दुसऱ्या दिवशी या चौघी निघाल्या. हैदराबादला तिच्या ओळखीचं एक सुदानी कुटुंब होतं. त्यांच्याकडं दाटीवाटीनं का होईना, चौघींना एकत्र राहता येणार होतं, एवढंच तिनं बघितलं. मेसच्या बायांनी कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आबांनी ड्रायव्हरबरोबर कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा पाठवला. प्रवासात खायला! मी तो पुडा मुरमात भिरकावणार होते, पण तिनं माझ्या हातातून घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आबांना सांगा, पेढे पोचले." गाडी लागल्यावर ती सगळ्यांत शेवटी चढली, आधी तिघींच्या बॅगा वर दिल्या, मग स्वतःची.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. वसतिगृह उघडलं, नेपाळच्या मुली परत आल्या, टाकी भरून वाहायला लागली. या चौघी आल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली की हैदराबादच्या एका दवाखान्यात अरबी बोलणारे रुग्ण येतात, त्यांचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगायचं काम तिला मिळालंय. बाकीच्या तिघीही कुठं कुठं चिकटल्या होत्या. एकच वर्ष राहिलं होतं तिचं, फक्त शेवटचं वर्ष. मी ओरडले, विनवलं, माझ्या खोलीत ये म्हणाले. ती म्हणाली, "येऊन काय करू मावशी? परत एप्रिल येईलच की."

मी राजीनामा द्यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. मग टाकीवर टकटक करायला कुणीच उरणार नाही, अशी समजूत घालून मी राहिले. आता गच्चीवर मीच जाते, गुडघे दुखतात. केस कुणी धुवायचे ते ठरवते, पण मुली माझं ऐकत नाहीत.

या वर्षी पुन्हा दोन अर्ज आले. एक नेपाळी मुलीचा, दुसरा यमनहून आलेल्या एका मुलीचा. तिलाही उन्हाळ्यात जायला घर नाही. पुन्हा मेसमध्ये बैठक, पुन्हा भजी, आबा थोडे थकलेले, पण उत्साह तोच. या वेळी मी भिंतीजवळ उभी राहिले नाही. त्या मुलीशेजारी बाकड्यावर जाऊन बसले आणि आबांच्या तोंडावर मोठ्यानं म्हटलं, "मागं घेऊ नकोस. ऐक माझं. मतं होऊ देत." आबा दुखावले. सदस्य म्हणाले, बाई, तुम्ही पोरींत भांडणं लावताय. ती मुलगी एकदा माझ्याकडं बघे, एकदा आबांकडं. आबांचे केस आता पार पांढरे झालेत, आवाज मऊ झालाय. तिनं मनगटावरचा माझा हात हळूच बाजूला केला आणि अर्ज मागं घेण्याचा कागद सहीसाठी पुढं ओढला.

दुसऱ्या दिवशी हैदराबादहून फोन आला. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतोच. मेसच्या बायांची चौकशी केली, भाकरीची आठवण काढली, मग विचारलं, "मावशी, लीडर कोन झालं ह्या साली?"

मी म्हटलं, "बिनविरोध झालं."

मागं दवाखान्यातला गलबला ऐकू येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं. मग तिनं विचारलं, "अर्ज मागं कुनी घेतला?"

"यमनच्या एका मुलीनं."

"तिला काय शब्द दिला आबांनी?"

माझ्या कपाळावर अजून गुलाल होता, पुसूनही गेला नव्हता. मी म्हटलं, "उन्हाळ्याचाच."